न हलणारा पिनियन नट

नमस्कार श्रोतेहो.

गाडी जिथे उभी राहते तिथे, मागच्या दोन चाकांच्या मधोमध ऑइलचा डाग पडू लागला, की जुन्या बोलेरो पिकअपवाल्याला किंवा टाटा 207 वाल्याला अंदाज येतो: पिनियनचं सील गेलं. पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधलं, इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारं छोटं दातेरी चाक, आणि सील म्हणजे त्याच्या टोकाशी ऑइल अडवणारी कडी. सील स्वस्तच असतं. पण ते बदलायला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब दांडा, उतरवून त्यामागच्या फ्लँजचा, म्हणजे तो दांडा ज्याला बोल्टनं जोडलेला असतो त्या चकतीचा, मोठा नट सोडावा लागतो. आणि त्या नटानं आपल्यापेक्षा जास्त पावसाळे अंगावर घेतलेले असतात.

शाफ्ट उतरला की गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, मागची चाकं मोकळी होतात. म्हणून सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागे एक्सलखाली घोड्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरू नये, मग तो केवढाही उस्ताद असो. शाफ्ट आणि फ्लँजवर समोरासमोर पंचची खूण करा. जोडताना ती चुकली तर गाडी थरथरू शकते.

आता बॅटरी मारून नट नीट बघा. कित्येक नटांची पातळ कड ठोकून पिनियनच्या खाचेत दाबलेली असते. ती बारीक छिन्नीनं उचलल्याशिवाय पाना फिरवलात तर आटे गेलेच म्हणून समजा. मग नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक यांवर एकच सरळ रेघ ओढा, बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा. पुष्कळ गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये दाबला जाणारा स्लीव्ह, म्हणजे एक नळी, असते आणि बेअरिंगवर किती दाब राहील, हे नटाच्या आवळण्यावर ठरतं. एकदा दाबलेला स्लीव्ह परत फुलत नाही. खरं तर अशा वेळी नवा स्लीव्हच टाकावा.

गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी खरी गोष्ट जोराची नसते, फ्लँज धरून ठेवण्याची असते. हँडब्रेकच्या भरवशावर जोर लावला तर तो सगळा पिनियन आणि त्याला जुळलेलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राउन, यांच्या दातांतून जातो. त्यापेक्षा जाड लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून ती फ्लँजला बोल्टनं बांधा, दुसरं टोक चॅसीला टेकवा. नट डावीकडे सुटतो, तेव्हा टेकू त्याच अंगाला हवा. गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची नटाचे कोपरे मारते. मीटरभर पाइपवर 40 किलोचा जोर म्हणजे जवळजवळ 400 न्यूटन-मीटर. एवढ्यात बहुतेक नट हलतात. झटके नकोत, जोर हळूहळू वाढवा.

तरीही हलला नाही, तर स्प्रे पुसून, वाळवून मग नटालाच गॅसची ज्योत दाखवा. 30 मिलिमीटरचा नट 150 अंशांनी तापला की जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग फुगतो, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. मागचं सील जळेल. ते तसंही बदलायचंच आहे. तेही जमलं नाही तर नटाला भोक पाडून छिन्नीनं फोडा. त्यात कंजुषी नको. नट नवा मिळतो, पण पिनियनचे आटे गेले तर क्राउनसकट जोडीच बदलावी लागते.

बसवताना नट नवाच घ्या. जुना स्लीव्ह ठेवलात, तर आधी मोजलेले तेवढेच आटे बाहेर दिसेपर्यंत आणून केसभरच पुढे न्या, आणि इंपॅक्ट गन, म्हणजे झटक्यांनी नट आवळणारं यंत्र, लांब ठेवा. ऑइल भरून आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा आणि पिनियनच्या बाजूला हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक. हात टेकवेना इतकं तापलं असेल, तर नट जास्त आवळला गेलाय. नुसता ढिला करून भागणार नाही, नवा स्लीव्ह आणावा लागेल.