आठ वर्षांनी भेटलेला ख्रिस्त

(नाताळाआधीच्या एका रविवारी संध्याकाळी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सर्वांना सलाम.

पाळकसाहेबांनी मला 'खरी भक्ती' असा विषय दिला. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. तेहतीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. म्हणून मी वचनांचा अर्थ उलगडत बसणार नाही. एका बाईबद्दल बोलणार आहे, आणि माझ्या आयुष्यातल्या एका रविवारबद्दल.

बाई तुमच्या ओळखीच्या आहेत. पंडिता रमाबाई. आपल्या संडेस्कूलच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि दरवर्षी ५ एप्रिलच्या आसपास आपण त्यांचं नाव घेतो. फोटोला हार घातला की माणूस आपल्याला प्रश्न विचारायचा थांबतो. मला आज तो हार थोडा बाजूला करायचा आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती. पुढे अमेरिकेत गेल्या, इथल्या विधवांचं दुःख तिथल्या लोकांसमोर मांडलं, पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदासदन ही शाळा उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्याला हलवली. एवढं सगळं झाल्यावर ही बाई आपल्या साक्षीत काय सांगते? ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, तो मला पुरेसा चांगलाही वाटत होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो काही मला सापडला नव्हता, असं त्या सांगतात. आणि हे त्यांच्या ध्यानात आलं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला बाप्तिस्मा होऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. माझा तर जन्मच ख्रिस्ती घरातला. आजोबा पंचमंडळीत होते, आई महिला मंडळाची सेक्रेटरी, मी गायकवृंदात. उपासनासंगीतातली गीतं पाठ. रविवारी सकाळी चर्चमध्ये नसणं म्हणजे काय, हे मला ताप आल्याशिवाय कळत नसे. आणि इथे ही बाई, जिनं विधवांसाठी शाळा काढली, ती म्हणते, माझ्याकडे धर्म होता, ख्रिस्त नव्हता. मग माझ्याकडे काय होतं?

हा प्रश्न जरा इथेच राहू द्या. आधी दुष्काळाकडे जाऊ.

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंनी ती बातमी वाचली आणि त्या अस्वस्थ झाल्या. याला कारण होतं. तरुणपणी दुष्काळातच त्यांचे आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडं, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडली. झाडपाला खाऊन दिवस काढणं म्हणजे काय, हे त्यांना वाचून माहीत झालेलं नव्हतं. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तिथे सरकारी मदतीच्या छावण्या होत्या, पण त्या छावण्यांत एकट्या मुलींच्या अब्रूची काय गत होते, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि निर्भीडपणे लिहिलं. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली त्यांनी सोबत आणल्या.

आता मुली आणल्या म्हणजे काय केलं, ते मी परिचारिकेच्या नजरेतून सांगते. उपासमारीतून आलेलं मूल तुम्ही कधी हातात घेतलंय का? कातडी हाडाला चिकटलेली असते. डोक्यात उवा, अंगावर फोड, हिरड्यांतून रक्त. त्याला एकदम पोटभर जेवू घातलं तर ते दगावतं. चमच्याचमच्यानं पेज भरवावी लागते, रात्रभर. ते मूल तुम्हाला धन्यवाद म्हणत नाही. ते ओरबाडतं, भाकरी उशाखाली लपवतं, दुसऱ्याच्या ताटातलं चोरतं, कारण उद्या मिळेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. अशा तीनशे मुली. त्यात पुण्यात प्लेग शिरला. प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. ही जमीन त्यांनी फळबाग लावून शारदासदनाला उत्पन्न व्हावं म्हणून घेतली होती. तिथे इमारत नव्हती. तंबू आणि झापांच्या झोपड्या, एवढंच. तिथून पुढे मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला.

दोन हजार पोटं, बंधुभगिनींनो. विहिरी खणल्या. माग बसवले, तेलाचा घाणा घातला, छापखाना उभारला. अंध स्त्रियांसाठी बार्तीमय सदन झालं, मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झालं. ज्या बायकांना त्या काळी कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, त्यांच्यासाठी वेगळं घर आणि त्या घराचं नाव कृपा. मला हे नाव फार आवडतं.

हे ऐकून काही जण म्हणतात, 'हे समाजकार्य झालं, आत्मिक काय त्यात?' हा आक्षेप मी आपल्याच मंडळ्यांतून अनेकदा ऐकला आहे. उत्तर केडगावातच आहे. १९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची जी लाट आली, तिची हकीकत देशोदेशी गेली. मुली रात्ररात्र रडून प्रार्थना करत होत्या. त्याच मुली सकाळी विहिरीवर, मागावर, छापखान्यात होत्या. एकीकडे गुडघे टेकलेले आणि दुसरीकडे हात पिठात. रमाबाईंना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायचं सुचलंच नाही. ही वाटणी आपण नंतर केली, आपल्या सोयीसाठी. प्रार्थना पाळकाकडे, सेवा दवाखान्याकडे, आणि आपण बाकावर.

त्यांच्या शेवटच्या वर्षांची गोष्ट सांगते. इब्री, म्हणजे हिब्रू, आणि ग्रीक या भाषा शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतलं. भाषांतर होतंच की आधीचं. पण त्यातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या, अक्षर नुकतंच ओळखू लागलेल्या बाईला कळत नव्हती. स्वतः संस्कृतची पंडिता, जिला कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हटलं, ती बाई आपलं सगळं पांडित्य बाजूला ठेवून सोपं लिहायला बसली. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याही मुक्तिसदनातल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, उजवा हात. त्यानंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छापून पूर्ण झालेलं पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आणि ही बाई कोणाच्या मुठीत बसली नाही, हेही सांगितलं पाहिजे. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी, विशेषतः ज्यांना त्या आजीबाई म्हणत त्या सिस्टर जेराल्डीनशी, त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवली आहे, आता तसल्याच दुसऱ्या जोखडात ती घालणार नाही, अशा आशयाचं त्यांनी कळवलं. ज्यांच्या घरात आसरा घेतला त्यांनाच असं लिहायला छाती लागते. मंडळीत आपण पाळकाचं चूक असलं तरी गप्प बसतो आणि घरी गेल्यावर बोलतो. त्याला आपण नम्रता म्हणतो.

रमाबाईंबद्दल एवढं. आता थोडं नगरबद्दल, कारण आपली मुळं इथली आहेत.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. त्यांच्या मंडळ्यांत पुढे जे लोक आले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा. त्यांनी काय सोसलं याची लिखित नोंद फार थोडी राहिली. याच नगरात ब्राह्मण घरात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची पाच वर्षं ताटातूट झाली. टिळकांच्या आयुष्याचा हा भाग मला अजूनही टोचतो. त्या माऊलीच्या बाजूनं पाहिलं तर मन शांत होत नाही. पण लक्ष्मीबाई परत आल्या त्या नवऱ्याच्या मागे मुकाट चालत आल्या नाहीत. स्वतःचा वेळ घेतला. जातपात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे, हे त्यांचं त्यांना पटलं, तेव्हा त्यांनी सोवळंओवळं सोडलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आधी ताट एक झालं आणि मग पाणी डोक्यावर पडलं.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. पाणी केव्हाच पडलं, ताटाचं बोला. मुलामुलीचं लग्न ठरवताना फोनवर पहिला प्रश्न काय असतो, सांगा. 'तुम्ही मूळचे कोण?' मिशन कोणतं, मंडळी कोणती, हे नंतर. प्रभुभोजनात एका प्याल्याचा द्राक्षरस घेणारे आपण, आणि सोयरीक करताना पणजोबांची जात शोधतो. आणि हेच आपण बाहेर जाऊन सांगतो की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलं, हा अन्याय आहे. अन्याय आहेच, मी त्यासाठी मोर्चात चाललेली आहे. पण घरात तोच प्रश्न विचारून मोर्चाला जाता येत नाही. प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा, समेट कर. म्हणजे उपासना अर्धवट सोडून जायची मुभा आहे. मुभा कसली, आज्ञाच आहे.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न, हातात पैसा नाही. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे ख्रिस्ताच्या मागे येऊ पाहतात ते सगळे चालतील असं म्हणाले. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबाचा आश्रित होणं, ही समजूत त्यांना मोडायची होती. ९ मे १९१९ ला ते गेले. दरबार फुलायच्या आतच. तरी मला वाटतं, पगार सोडल्यावर त्यांनी जो श्वास घेतला असेल, तो मोकळा असेल.

आता तो रविवार.

मी तेव्हा एका दवाखान्यात रात्रपाळीला होते. डिसेंबर होता, असाच. ऊसतोडीला आलेली एक बाई दाखल होती, विशीचीसुद्धा नसेल. पहाटे चारला तिचं तान्हं गेलं. दोन दिवसांचं. नवरा फडावर, त्याला निरोप गेला होता, पण तो यायला दुपार होणार होती. सातला माझी पाळी संपली. मी एप्रन काढत होते तेव्हा तिनं माझा पदर धरला. 'सिस्टर, जरा बसा ना माझ्यापाशी. मालक येईपतूर.' बाळ कापडात गुंडाळून तिच्या शेजारीच होतं.

नऊला उपासना होती. नाताळाच्या गीतांची तालीम झाली होती, त्यातलं एक कडवं मी एकटी गाणार होते. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, 'बाई, मला प्रार्थनेला जायचंय. तुझ्यासाठी प्रार्थना करते.' आणि मी केलीही. खोटं बोलले नाही. चर्चमध्ये डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली, मग उभी राहून गायले, 'छान गायलात' असं लोक म्हणाले.

संध्याकाळी कामावर गेले तर खाट रिकामी. नवरा यायच्या आधीच ती उठून गेली होती, ते गाठोडं घेऊन, एकटी. कोणत्या फडावर, कोणालाच ठाऊक नव्हतं.

याकोबाच्या पत्रात ते वचन आहे ना, उघड्या आणि भुकेल्या भावाला 'सुखानं जा, ऊब घे, तृप्त हो' असं म्हणून काही न देता पाठवणाऱ्याचं. मी ते शंभर वेळा वाचलं होतं, संडेस्कूलमध्ये शिकवलं होतं. त्या रिकाम्या खाटेपाशी ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. रमाबाईंना आठ वर्षं लागली. मला जास्त लागली. आणि मला जो भेटायचा होता तो त्या सकाळी माझा पदर धरून बसला होता, मी तो हलकेच सोडवून घेतला.

हे मी आजवर मंडळीत कधी सांगितलं नव्हतं.

आता शेवटचं, आणि हे काम आहे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झालाय. आपल्या रस्त्याच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या आहेत. मी परवा जाऊन आले. चौतीस कोप्या मोजल्या. लहान पोरं बरीच आहेत. आईबाप पहाटे तीनला फडावर जातात, मोठी पोर धाकट्याला सांभाळते, ओढ्यापाशी, उघड्यावर. दोन बाया पोटुशा आहेत, त्यातल्या एकीचे दिवस भरत आलेत.

आपलं हे सभागृह सोमवार ते शनिवार बंद असतं. पंखे आहेत, नळ आहे, मागे स्वयंपाकाची खोली आहे, नाताळाच्या जेवणाची मोठी पातेली आहेत. मी पंचांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं आहे. किल्ली आज माझ्याकडे आहे. उद्या सकाळी सातला मी कुलूप उघडणार आहे आणि अकरापर्यंत थांबणार आहे. रोज थांबणं एकटीला जमायचं नाही. ज्यांना सोमवार जमेल त्यांनी बाहेर पडताना मला सांगा, मंगळवारवाल्यांनी पाळकबाईंना सांगा. पेजेसाठी तांदूळ आणि गूळ लागेल. जुने स्वेटर चालतील, पण धुतलेले आणा.