उसनं घेणं, उसनं देणं

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे शिकायला येणारी नववीतली एक मुलगी वाचनालयासाठी इंग्रजीत अर्ज लिहून घेऊन आली. समास नेटका सोडलेला, अक्षर मोत्यासारखं, आणि बरोबर मध्ये हे वाक्य : 'प्लीज बॉरो मी धिस बुक.' तिला म्हणायचं होतं, 'मला हे पुस्तक वाचायला द्या.' पण बॉरो म्हणजे उसनं घेणं. म्हणजे अर्जात घेणारं झालं वाचनालय! तिथे हवं होतं लेंड, उसनं देणं.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी इतकी वर्षं मुलं शिकायला येतात, आणि ही चूक दर वर्षी होतेच. मुलांना ती निष्काळजीपणाची म्हणून रागावलेलं मला मुळीच आवडत नाही. त्या चुकीमागे आपली मराठी उभी आहे.

आपण काय म्हणतो? 'काकू, आईनं वाटीभर साखर उसनी मागितलीय.' काकू साखर देतात आणि घरात सांगतात, 'साखर उसनी दिलीय हं.' दोन्हीकडे साखर उसनीच. फक्त मागणं, घेणं, देणं तेवढं बदलतं. वडोदऱ्यात तर मूल घरात 'उसनं' ऐकतं आणि शेजारच्या ओट्यावर 'उछीनुं'. गुजरातीतही एकच शब्द, त्याला लेवुं नाहीतर आपवुं जोडायचं. दोन्ही भाषांनी मुलाला हेच शिकवलं, की नातं त्या वस्तूला चिकटलेलं असतं. इंग्रजीनं मात्र वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, हे क्रियापदातच भरून ठेवलं. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो.

सगळ्याच भाषांना ही वाटणी लागत नाही. जर्मनमध्ये लाइएन हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं. खुद्द इंग्लंडातल्या काही बोलींत लोक 'कॅन आय लेंड युअर पेन' म्हणतात. परीक्षेत मात्र ते चालणार नाही.

बॉरोच्या मुळाशी आहे जुन्या इंग्रजीतला बोर्ग हा शब्द. त्याचा अर्थ हमी, तारण. घेणारा काहीतरी हमी देऊन न्यायचा, म्हणून ते घेणाऱ्याचं क्रियापद. लेंडचं नातं लोन या शब्दाशी. मुलांना मी एवढंच सांगते, की बॉरोच्या मागे फ्रॉम येतं : कुणाकडून तरी घेतलं. लेंडच्या मागे थेट माणूस येतो : लेंड मी, लेंड हर.

आणि आपल्या गावात हे समजावायला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीइतकी चांगली जागा नाही. 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं राहिलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली सुमारे 20 हजार पुस्तकं या वाचनालयाला देऊन टाकली. देऊन टाकली, परत मागायची नव्हती, म्हणून ते गिव्ह. वाचनालय तेच पुस्तक वाचकाला चार दिवसांसाठी देतं, ते लेंड. वाचक घरी नेतो, तो बॉरो करतो. एकाच पुस्तकावर तीन क्रियापदं, आणि तिन्हींमध्ये परत येण्याजाण्याचा हिशेब वेगळा. हे सांगताना मला दरवेळी महाराजांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. शेतकऱ्याच्या पोराच्या हातात पुस्तक पडावं, हे त्यांना मनापासून वाटत होतं.

आणखी एक बारकावा. बॉरो म्हणजे सहसा उचलून नेता येईल अशी वस्तू घेणं. कुणाच्या घरी जाऊन न्हाणीघर वापरायचं असेल, तर तिथे 'कॅन आय यूज' म्हणावं. न्हाणीघर काही आपण घरी नेणार नाही.

त्या मुलीनं अर्ज माझ्यासमोरच दुरुस्त केला : 'प्लीज लेंड मी धिस बुक.' खाली स्वतःच्या मनानं आणखी एक ओळ लिहिली : 'आय वुड लाइक टू बॉरो इट फॉर सेव्हन डेज.' दोन्ही शब्द आपापल्या जागी. मग पेन्सिल ओठाला लावून तिनं विचारलं, 'मावशी, आणि विरजण? आई रोज शेजारून चमचाभर विरजण आणते, ते कुणी परत करत नाही. साखर निदान वाटीभर परत जाते.'

मी क्षणभर थांबले. मग म्हटलं, 'विरजण उसनं नसतंच गं. ते नुसतं मागायचं आणि नुसतं द्यायचं. तिथे आस्क लिही, आणि देणाऱ्यासाठी गिव्ह.'

तिनं वहीत तेही लिहून घेतलं.