उद्यानविद्येचे विद्यार्थी आणि चौदा आण्यांचा आंबा

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीनंतरच्या प्रवेशांचे दिवस आले की ओळखीचे पालक हमखास एक प्रश्न घेऊन येतात. मुलाला वैद्यकीयला प्रवेश मिळत नाही, उद्यानविद्येला मिळतो आहे, पण ती पदवी घेऊन पुढे तो करणार काय? या प्रश्नाची दोन उत्तरे बहुतेकांना पाठ असतात. एक म्हणजे लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि दुसरे म्हणजे बँकेतील कृषी अधिकाऱ्याची परीक्षा. दोन्ही मार्ग चांगले आहेत, याविषयी माझी तक्रार नाही. मात्र ही दोन उत्तरे अभ्यासिकेत बसून सापडतात, तर बाकीची उत्तरे बागेत, रोपवाटिकेत आणि फळे निवडून पेट्यांत भरली जातात त्या पॅकहाऊसमध्ये पाऊल टाकल्याशिवाय दिसतच नाहीत. म्हणून आज मी शैक्षणिक सहलींविषयी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी करावयाच्या कामाविषयी बोलणार आहे.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत आणि उद्यानविद्येची पदवी चार वर्षांची असते. या काळात विद्यार्थ्यांना कार्यानुभवासाठी गावात राहावे लागते. वर्तमानपत्रात ‘कृषीदूतांनी’ किंवा ‘कृषीकन्यांनी’ प्रात्यक्षिक दाखविल्याची बातमी आपण वाचता, ती याच मुलामुलींची. त्याशिवाय अनुभवाधारित शिक्षण नावाचा एक भाग असतो, ज्यात विद्यार्थी गट करून रोपे तयार करतात, फळांवर प्रक्रिया करतात, माल विकतात आणि त्याचा हिशेबही ठेवतात. सहलींसाठी तर आपल्याकडे ठिकाणांची वाण नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात हापूस आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेला रत्ना आंबा आणि अगदी पातळ कोय असलेला सिंधू पाहता येतो, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरला डाळिंबाचे आहे.

ठिकाणे भरपूर आहेत, पण सहलीत होते काय? बसमध्ये ध्वनिक्षेपक लावून गाणी होतात, एका दिवसात तीन केंद्रे उरकली जातात, पाटीसमोर छायाचित्र काढले जाते आणि अहवाल मागच्या वर्षीच्या वहीतून उतरविला जातो. (ध्वनिक्षेपकावर बंदी घालण्याचा अधिकार मला असता तर मी आधी सहलींच्या बसमधला काढून घेतला असता आणि मग लग्नाच्या वरातीतला.) विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळाले तरच सहलीचा उपयोग होतो. पुन्हा सांगतो, हाताला काम मिळाले तरच. हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, त्यामागे एका सहलीची हकिगत आहे.

एप्रिल महिना होता. पदवीच्या मुलांना घेऊन आम्ही देवगड तालुक्यातील एका आंबा बागेत गेलो होतो. ठरलेला कार्यक्रम नेहमीचाच होता: बागायतदारांचे भाषण, चहा, आभार. परंतु त्या दिवशी आभाळ भरून आले होते, अवकाळी पावसाची भीती होती, बागेतले दोन नेपाळी कामगार तापाने आडवे झाले होते आणि वाशीला जाणारी गाडी संध्याकाळी सुटायची होती. बागायतदारांनी आम्हाला पाहिले आणि भाषणाचा कागद खिशातच ठेवला. “सर, भाषण मागाहून करू. आधी पोरांच्या हातात झेले द्या,” एवढेच ते म्हणाले.

झेला आपल्याला माहीत आहेच. लांब काठी, तिच्या टोकाला जाळी आणि देठ कापण्यासाठी पाते. आमच्यात डोंबिवलीचा एक मुलगा होता. वैद्यकीयची जागा थोडक्यात हुकली म्हणून इकडे आलेला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत आपण चुकून इथे आलो आहोत असाच चेहरा करून वावरणारा. त्याने उतरविलेल्या पहिल्याच आंब्याचा देठ मुळापासून निघाला आणि चीक सालीवरून ओघळला. बागेत आंबा उतरविण्यात उभी हयात गेलेले एक आजोबा होते. त्यांनी ते फळ उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाले, “झिला, ह्यो आता घरच्या खावक. पेटयेत जावचो नाय.” चीक लागलेल्या जागी साल काळी पडते, देठाशी फळ कुजू लागते, आणि असा एक आंबा शेजारच्या फळांनाही बिघडवतो. म्हणून दोन बोटांएवढा देठ फळाला ठेवायचा असतो. हे त्या मुलाने परीक्षेत अचूक लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते.

मग त्याने आजोबांना विचारले की उतरवायचा आंबा नेमका ओळखायचा कसा. आजोबांनी त्याला फळाचे खांदे दाखविले. कोवळ्या आंब्याचे खांदे उतरते असतात, तयार फळाचे भरून वर येतात आणि देठाशी खळगा पडतो, गडद हिरवा रंग किंचित फिका होतो. असा आंबा म्हणजे चौदा आणे तयार. मुलाने विचारले, चौदाच का, सोळा का नाही? आजोबा हसले. “सोळा आण्याचो आंबो झाडारच पिकता. तो मुंबयेक पोचासर कुसता.” उरलेले दोन आणे पेटीतल्या गवतात भरून निघतात, असा त्याचा अर्थ.

आमच्या या विद्यार्थ्याला ते सहज पटले नाही आणि मला त्याचे हे न पटणेच आवडले. वर्गात त्याने ऐकले होते की तयार हापूसचे विशिष्ट गुरुत्व 1.01 ते 1.02 असते, म्हणजे पाण्यापेक्षा थोडेसे जास्त. त्यामुळे तयार आंबा पाण्यात बुडतो आणि कोवळा तरंगतो. त्याने पंपाजवळचे पिंप भरून घेतले आणि आजोबांनी निवडलेल्या ढिगातले आंबे एकेक करून पाण्यात सोडायला सुरुवात केली. आंबे तळाशी जात होते. मुले गोळा झाली, कामगार गोळा झाले, बागायतदार गाडीची वेळ विसरून उभे राहिले. आणि मग एक आंबा तरंगला, पाठोपाठ आणखी एक, असे मूठभर आंबे वर राहिले. मुलांनी टाळ्या वाजविल्या, कारण आजोबांचा अंदाज चुकला असे त्यांना वाटले. आजोबा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी तरंगणारे आंबे उचलले आणि त्या मुलाच्या तळहातावर उलटे करून ठेवले. प्रत्येकाचा देठ वेडावाकडा तुटलेला होता, कोणाचा नखाएवढा, कोणाचा पेरभर. आजोबांच्या आंब्यांचे देठ एकसारखे कापलेले होते. आमच्याच मुलांनी उतरविलेली फळे त्या ढिगात मिसळली होती!

एवढ्यावर हे संपले नाही. आजोबांनाही आता त्या पिंपाची गोडी लागली होती. स्वतःला शंका असलेली फळे ते वेगळी काढत आणि मुलाला सांगत, “ह्यो टाक बघू.” संध्याकाळपर्यंत दोघे पिंपापासून हलले नाहीत. पेट्या भरताना त्या मुलाने कोणते फळ कोणत्या कारणाने बाद झाले याची यादी वहीच्या मागच्या पानावर केली. सुट्टी लागल्यावर बागायतदारांनी त्याला पुन्हा बोलावून घेतले आणि पुढच्या वर्षीचा त्याचा प्रकल्प देठाची लांबी आणि सालीवरचे डाग याच विषयावर झाला.

आज तो नवी मुंबईतील एका निर्यात पॅकहाऊसमध्ये प्रतवारीचे काम पाहतो. हे काम किती जबाबदारीचे आहे हे 2014 साली आपल्याला कळले. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ती उठायला पुढचे वर्ष उजाडले. अशा किडींच्या बंदोबस्तासाठी आपला हापूस अमेरिकेला विकिरण करून जातो, जपानला बाष्पप्रक्रिया करून, युरोपला गरम पाण्याची प्रक्रिया करून. या प्रत्येक टप्प्यावर फळ ओळखणारा माणूस लागतो. हे काम अस्तित्वात आहे, हेच त्या मुलाला आधी ठाऊक नव्हते.

त्याच सहलीतली एक मुलगी झाडांकडे फारशी फिरकलीच नाही. ती बागायतदारांशेजारी बसून पेटीमागे मजुरी किती, भाडे किती, दलाली किती हे विचारत राहिली. ती आज बँकेत कृषी कर्जाचे अर्ज तपासते, आणि फवारणीच्या खर्चाचा आकडा फुगविलेला असेल तर तिला तो लगेच खटकतो. आणखी एकाला लाल मुंग्या इतक्या चावल्या की झाडावर चढण्याचे काम आपले नव्हे, हे त्याने तिथेच ठरविले. तो ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत गेला आणि केळीची रोपे तयार करण्यात रमला. सहलीतून काय नको हेही कळते आणि तेही तितकेच मोलाचे असते.

रोपवाटिकेचा व्यवसाय, उद्यानरचना, फुलशेती, फळप्रक्रिया यांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण वेळ संपत आली. उद्यानरचनेबद्दल एवढेच म्हणतो की पाण्याची टंचाई असलेल्या गावात बंगल्यापुढे हिरवळ लावून देणाऱ्या पदवीधरापेक्षा तिथे जांभूळ लावा असे सांगणारा पदवीधर मला अधिक शिकलेला वाटतो.

आता बागायतदार श्रोत्यांना एक विनंती. पावसाळ्यात हे कृषीदूत आणि कृषीकन्या आपल्या गावात आल्या, तर त्यांना समाजमंदिरात तक्ते लावायला सांगून सोडून देऊ नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कोय कलमे, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेली कलमे, चांगली जुळतात. तांबूस पानांची कोवळी रोपे, हापूसच्या काड्या, धारदार चाकू आणि प्लास्टिकची पट्टी त्यांच्यासमोर ठेवा. खाच त्यांना घेऊ द्या, काडीची पाचर त्यांनाच तासू द्या, पट्टीही त्यांनाच बांधू द्या. प्रत्येकाने बांधलेल्या कलमांवर त्याच्या नावाची चिठ्ठी लावा, आणि दोन महिन्यांनी किती कलमे जगली ते मोजायला त्यालाच बोलवा. नमस्कार.