शेपटीकडून वाचायचा शब्द

(पडद्यावर एक वैद्यकीय रिपोर्ट. कॅमेरा ओळींवरून सरकत एका शब्दावर थांबतो.)

गॅस्ट्रोएन्टरायटिस.

रिपोर्ट हातात आला की नजर अशाच एखाद्या शब्दावर अडकते. जीभ अडखळते, मन नको तिथे धावतं. पण हा शब्द अखंड नाही. शाळेत आपण समासाचा विग्रह करायला शिकलो, तसाच हाही सोडवता येतो. सुरुवात फक्त शेपटीकडून करायची.

(शब्दाचे तुकडे एकेक करून सुटे होतात.)

शेवटी 'आयटिस', म्हणजे दाह. त्याआधी 'एन्टर', ग्रीकमध्ये आतडं. सगळ्यात पुढे 'गॅस्ट्र', जठर. जठराचा आणि आतड्यांचा दाह. मधला 'ओ' हा सांधा. दोन अवयवांची नावं जोडताना तो टिकतो, पण शेवटचा प्रत्यय स्वरानेच सुरू होत असेल तर गळून जातो. म्हणून तपासणी 'गॅस्ट्रोस्कोपी' आणि आजार 'गॅस्ट्रायटिस'. संधीचे नियम घोकलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

नवल पुढे आहे. 'एनीमिया' घ्या. 'हाइमा' म्हणजे रक्त आणि आधीचा 'अन्' नकाराचा. व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्': ग्रीकचा हा नियम आपण 'अशक्त' आणि 'अनादि' म्हणताना रोज पाळतो. संस्कृत आणि ग्रीक एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे ही नाती वरवरची नाहीत. 'ऑस्टिओ' आणि 'अस्थि' एकाच मुळाचे. यकृताला ग्रीकमध्ये 'हेपार' म्हणतात, त्यावरूनच 'हेपॅटायटिस' आला. कानाला पटत नाही, पण 'हेपार' आणि 'यकृत्' हे शब्दही एकाच मुळातून फुटलेले आहेत.

'हायपर' म्हणजे 'उपरि', 'हायपो' म्हणजे 'उप', खालचा. हीसुद्धा सख्खी भावंडं. पण इथे फार जपून ऐकायला हवं. हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली असते, हायपोग्लायसेमियात ती घसरलेली असते. एका वेळी साखर खाली आणायची, दुसऱ्या वेळी तातडीने द्यायची. फोनवर निरोप सांगताना या दोन शब्दांत गफलत झाली तर उपचार उलटे होऊ शकतात. म्हणून शब्दासोबत 'वाढली' किंवा 'कमी झाली' हेही मराठीत स्पष्ट म्हणावं.

(डोकं धरून बसलेली एक व्यक्ती. खोलीत अंधार.)

काही शब्दांत तर दोन भाषांनी एकाच दुखण्याकडे एकाच नजरेने पाहिलंय. 'मायग्रेन'च्या मुळाशी 'हेमिक्रेनिया' आहे: 'हेमि' म्हणजे अर्धं, 'क्रेनिऑन' म्हणजे कवटी. आपण म्हणतो अर्धशिशी. 'कार्सिनोमा'तला 'कार्किनोस' म्हणजे खेकडा, आणि कर्करोगातला कर्क म्हणजेही खेकडाच. 'डायबेटिस मेलिटस'मधला 'मेल' लॅटिनमध्ये मध. आपला शब्द मधुमेह.

नाव नुसतं ओळखीसाठी नसतं. बोट कुठे दाखवायचं, हेही ते ठरवतं. पोटात उजवीकडे खाली उठणाऱ्या जीवघेण्या दुखण्याला पूर्वी 'टिफ्लायटिस' म्हणत. 'टिफ्लोस' म्हणजे आंधळा. दोष जात होता मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या बंद पिशवीवर, म्हणजे अंधांत्रावर. 1886 मध्ये रेजिनल्ड फिट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं की दुखणं बहुतेक वेळा तिथून सुरू होतच नाही, ते सुरू होतं तिला लटकणाऱ्या बारीक शेपटात. लॅटिन 'अपेंडिक्स'ला त्यांनी ग्रीक 'आयटिस' जोडला. भाषाशुद्धीच्या दृष्टीने हा संकरच. पण बोट योग्य जागी गेलं, आणि वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रहही त्यांनी धरला.

शस्त्रक्रियांच्या शेपट्या तीन, आणि तिन्ही ऐकायला सारख्या. 'ओटोमी' म्हणजे छेद घेणं. 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'ओस्टोमी'त 'स्टोमा' आहे, तोंड. म्हणजे नवं तोंड तयार करणं. आता 'कोलेसिस्टेक्टमी' सोडवून पाहा. 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी, 'एक्टमी' काढणं. पित्ताशय काढलं. 'कोलेसिस्टोस्टोमी'त पित्ताशय जागेवर राहतं, फक्त आतला द्रव बाहेर यायला वाट केली जाते.

(रिपोर्टवर एक थरथरतं बोट.)

सगळ्यात जास्त धसका बसतो 'ओमा'चा. लिम्फोमा, कार्सिनोमा हे कर्करोग आहेत, खरंच. पण 'लायपोमा' म्हणजे चरबीची गाठ, बहुतेक वेळा अगदी निरुपद्रवी. 'हिमॅटोमा' म्हणजे साकळलेलं रक्त. 'ग्लॉकोमा'त तर गाठच नसते, तो काचबिंदू. एकट्या 'ओमा'वरून निदान होत नाही. त्याच्या आधी काय आहे ते पाहायचं, आणि कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचं: ही गाठ कशाची आहे? साधी आहे का? काढायची आहे, की नुसता छेद घेऊन बघायची आहे?