हंगाम नव्हता

(दृश्य: पांझरेचं उथळ पाणी. काठावरच्या शेतात कांद्याची काढणी. लांबून चर्चची घंटा.)

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. साक्री तालुक्यातलं आमचं गाव. पोरांनी शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्यात. उन्हाळी कांदा निघायचे हेच दिवस, त्यामुळे अर्धी मंडळी हाताला कांद्याचा वास घेऊनच उपासनेला बसलीय. पाळकसाहेब मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचतात. शिंगरू, वाटेवर अंथरलेले कपडे, होसान्ना. येशू यरुशलेमच्या मंदिरात जातो, चहूकडे नजर टाकतो आणि संध्याकाळ झाली म्हणून जवळच्या बेथानी गावी परततो. हे अकरावं वचन. इथं वाचन थांबतं. दरवर्षी इथंच थांबतं.

माझे बाबा थांबत नाहीत. लोक गाणं म्हणायला उभे राहतात, तेव्हा ते बसल्या जागी बाराव्या वचनावर बोट ठेवून असतात.

(दृश्य: उघडं बायबल. मार्कची पानं चिकटपट्टीनं जोडलेली. तेराव्या वचनाखाली पेन्सिलची रेघ, रेघेवर रेघ.)

दुसऱ्या दिवशी बेथानीहून निघताना येशूला भूक लागते. दुरून अंजिराचं झाड दिसतं, पानांनी भरलेलं. जवळ जाऊन बघतो तर पानांवाचून काही नाही. तो म्हणतो, यापुढे तुझं फळ कोणी कधीही खाऊ नये. आणि मार्क मध्येच एक वाक्य टाकून जातो, की तो अंजिरांचा हंगाम नव्हता.

बाबांचं सगळं भांडण या वाक्याशी आहे. कापूस, बाजरी, कांदा यांत साठ वर्षं गेलेला माणूस. ऐन वैशाखात कापूस वेचायला कोण जातं? "हंगाम नही व्हता," ते म्हणतात, "मंग झाडनी काय चूक?"

मी शहरात शिकलेला. मला वाटलं, सोपं आहे, भाषांतरात घोळ असेल. नाही. मूळ ग्रीकमध्येही तेच आहे. शब्द आहे 'कायरोस', म्हणजे योग्य वेळ, हंगाम.

मग अभ्यासकांचं म्हणणं वाचून काढलं. ही गोष्ट घडते ती वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास, आणि तो येतो मार्च-एप्रिलमध्ये, आपल्या चैत्राच्या आसपास. तिकडे अंजिराचा मुख्य बहर उन्हाळ्याच्या शेवटी. पण वसंतात पानांबरोबर बारीक कच्ची फळंही धरतात आणि भुकेला माणूस तीही खातो. पानं आहेत आणि ही बारकी फळं नाहीत, तर त्या वर्षी झाडाकडून काही मिळणार नाही. म्हणजे झाड फसवं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. बांधावरच्या उंबराकडे बघितलं. तोही अंजिराच्याच कुळातला. आपल्या मराठी बायबलात येशूला बघायला जक्कय नावाचा माणूस चढतो तो उंबरावरच. खोडाला गच्च फळं लागली होती. म्हणाले, "मग मार्कनं तसं लिहायचं होतं. त्यानं तर हंगाम नव्हता एवढंच लिहिलंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

दुसरं उत्तर जास्त खोलातलं आहे. मार्कनं झाडाची गोष्ट मधोमध कापलीय. आधी शाप, मग मंदिरातले सराफांचे चौरंग आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका उलथणं, आणि दुसऱ्या सकाळी झाड मुळापासून वाळलेलं. झाड म्हणजे मंदिर. पानं भरपूर, फळ शून्य. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्यानंही अंजिराला अंजीर नाही असंच रडगाणं गायलंय. पुढे इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्यानं ते मंदिर खरंच पाडलं. मला हे पटतं. बाबांना निम्मं पटतं. उदाहरण द्यायला जिवंत झाड कशाला, हा त्यांचा प्रश्न तसाच राहतो.

एक गोष्ट मात्र त्यांनीच मला दाखवली. मत्तयचा एकविसावा अध्याय काढला. तीच भूक, तेच झाड, तोच शाप. झाड तिथल्या तिथं वाळतं. पण हंगामाचं वाक्य गायब. "याला पण अडलं असंल," बाबा हसत म्हणाले. मत्तयच्या मनात काय होतं, कोण सांगणार? पण अडचणीचं वाक्य एका शुभवर्तमानात नाही आणि दुसऱ्यात आहे, आणि दोन्ही पुस्तकं एकाच जिल्दीत शेजारीशेजारी बांधलेली आहेत. कुणी ते खोडून जुळवून घेतलं नाही. माझा विश्वास या न खोडलेल्या वाक्यानं उलट घट्ट झाला. बाबांना हे बोललो तर म्हणाले, शहरातल्या लोकांचं समाधान लवकर होतं.

(दृश्य: संध्याकाळ. ओसरीवर आई लसूण सोलतेय.)

आईचं अडतं वेगळ्याच ठिकाणी. बायबलातलं स्तोत्र 137. देशोधडीला लागून बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारी माणसं तिला फार जवळची. पण शेवटच्या वचनात तीच माणसं शत्रूची तान्ही पोरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. चार नातवंडांची आजी ती. आठव्या वचनानंतर पान उलटते, आणि आपण उलटलं हे लपवत नाही.

(दृश्य: पुन्हा बाबा. कंदिलाएवढ्या बल्बखाली लूक, अध्याय तेरा.)

बाबांना आवडतं ते हे झाड. द्राक्षमळ्यातलं अंजीर, तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. "हा खरा शेतकरी," बाबा म्हणतात. पुढच्या वर्षी फळ आलं की कुऱ्हाड चालली, ते लूकनं लिहिलेलंच नाही.

ही गोष्टही येशूनंच सांगितलेली. म्हणून मी विचारलं, बाबा, त्या शाप दिलेल्या झाडाबद्दल येशूचा राग येतो का?

"येस ना," ते म्हणाले. "प्रार्थनामा त्यालेच सांगस."

पुढच्या झावळ्यांच्या रविवारी आणखी तीन वचनं वाचा, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय. पाळकसाहेब 'बघू' म्हणालेत.