दाढ धुणारं औषध आणि जिवंत पेशी

श्रोतेहो, नमस्कार. दाढ ठणकायला लागली की आपल्या सोलापुरात अजूनही कित्येकजण लवंग दाबून रात्री काढतात आणि गाल सुजला की मगच दवाखान्याची पायरी चढतात. तोवर रूट कॅनलची, म्हणजे नस काढण्याची वेळ आलेली असते.

या उपचारात खरा भर असतो तो धुण्यावर. मुळातल्या नळीला इतके बारीक फाटे असतात की फाइल, म्हणजे नळी खरवडायची बारीक सळई, सगळीकडे पोचत नाही, पोचतं ते द्रावण. सर्वात जास्त वापरतात सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच. ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंत. ते जंतू मारतं, सडलेली नसही विरघळवतं. क्लोरहेक्सिडिन जंतू मारतं, पण नस विरघळवत नाही. १७ टक्क्यांचं ईडीटीए नळीच्या भिंतीवरचा भुसा काढतं.

आता जंतूंना मारणारं औषध आपल्या पेशींना ओळखून सोडत नाही. ते तपासायला प्रयोगशाळेत ९६ खळग्यांच्या तबकडीत पेशी वाढवतात, त्यांच्यावर द्रावण घालतात आणि मग एमटीटी नावाचा पिवळा रंग. पेशी जिवंत असेल तर खळगा जांभळा होतो, मेली असेल तर पिवळाच राहतो. औषध न घातलेल्या पेशींच्या तुलनेत ७० टक्क्यांपेक्षा कमी जगल्या, तर ते द्रावण घातक धरतात. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन दोन्ही इथे पेशी मारतात. तीव्रता आणि वेळ वाढली की जास्तच. अर्थात तबकडी म्हणजे दाढ नव्हे. तोंडात रक्तातली प्रथिनं आणि दाताचा गाभा औषधाचा बराच जोर खाऊन टाकतात.

म्हणून ‘जालीम तेच चांगलं’ हे मला पटत नाही. लहान मुलाच्या दाताचं मूळ अजून पुरं वाढलेलं नसतं. त्याच्या टोकाशी असलेल्या स्टेम सेल्सवरच, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींवरच, पुढची वाढ अवलंबून असते. असा दात वाचवायचा, तर हायपोक्लोराइट १.५ टक्क्यांचंच घेतात आणि शेवटी ईडीटीए. मोठ्यांमध्येही औषध मुळाबाहेर जाऊ नये म्हणून सुईचं भोक टोकाला नसून बाजूला असतं, सुई मुळाच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवतात, आणि औषध तोंडात सांडू नये म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावतात. डॅम लावणार का, हे डॉक्टरांना खुशाल विचारा.

आणि धुताना अचानक असह्य आग झाली, तर संकोच न करता हात वर करा. घरी गेल्यावर गाल झपाट्याने सुजला किंवा काळानिळा पडला, तर पहिल्या दिवशी बर्फाने शेका आणि त्याच डॉक्टरांना लगेच फोन लावा.