लंगोटावरचा काळा डाग

श्रोतेहो, नमस्कार. गुडघा दुखला की निर्गुडीचा शेक, तेल, पट्टा, हे सगळं तुमचं करून झालेलं असतं. ते मी सांगत नाही. आज एका काळ्या गुडघ्याची गोष्ट.

यवतमाळकडचा शेतकरी, वय 48. पाठ चाळिशीआधीच ताठ झालेली, आता गुडघेही गेले. "कापूस घरात आल्याबिगर ऑपरेशन नाही," म्हणाला. फेब्रुवारी उजाडला. टेबलावर गुडघा उघडला आणि माझा हात थांबला. हाडाच्या टोकावरची पांढरी, गुळगुळीत कूर्चा कोळशासारखी काळी! भूल देणाऱ्या मॅडमसुद्धा टाचा उंचावून बघू लागल्या. सांधा बदलला, बाहेर आलो आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला विचारलं, "माय, हा तान्हा असताना लंगोटाला डाग पडायचे का?"

म्हातारी उभीच राहिली. "तुमाले कोनं सांगतलं? धुवाच्या सोड्यात टाकले का लंगोट काये कुट्ट! मले वाटे, जाऊबाईनं काजय सांडवलं. सात वर्स बोलली नाही मी तिच्यासंग."

आजाराचं नाव अल्कॅप्टोन्युरिया. फार विरळा. एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच काम करत नाही, मग होमोजेंटिसिक आम्ल साचतं आणि कूर्चेत मुरून तिला काळी, ठिसूळ करतं. लघवी ताजी असताना साधी, ठेवली की काळी. पुन्हा सांगतो, ठेवली की काळी. सोडा लागला तर लवकरच. आता डायपर आले, ते कचऱ्यात गेले, ही खूणही कचऱ्यात गेली. मी डायपरच्या विरोधात आहे. सूनबाई ऐकत असतील तर ऐकू देत.

दोष आई-वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. मामाची मुलगी करण्याच्या आपल्या हौसेवर मी तासभर बोलेन, पण स्टुडिओतलं घड्याळ बघतंय. लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी 1902 सालीच हा आजार आनुवंशिक असल्याचं मांडलं. निटिसिनोन या औषधाला 2020 साली युरोपात मान्यता मिळाली. त्यानं आम्ल घटतं, गेलेली कूर्चा परत येत नाही. म्हणून सांधाच बदलायचा. नवा सांधा धातूचा आणि प्लास्टिकचा, त्यात कूर्चाच नाही, तो काळा काय पडणार!

एकाला आजार निघाला की सख्ख्या भावंडांनाही असू शकतो. म्हणून म्हातारीला सांगितलं, धाकट्याची लघवी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"डाक्टर, धाकट्याचीबी काये झाली." मग बराच वेळ काही नाही. "जाऊबाईले सांगाचं व्हतं जी. पन ते मांगल्याच दिवाळीत गेली."